गणिताच्या तीन वह्यांचं काय केलं

परीक्षा जवळ आली तेव्हा माझ्याकडे गणिताच्या तीन वह्या होत्या. एक वर्गातली, एक गृहपाठाची आणि एक कच्ची, जिच्यात मागच्या पानापासूनही लिहिलेलं होतं. वर्गसमीकरणं तिन्हींत थोडी थोडी, श्रेढीची सूत्रं एकीत तर त्यांची उदाहरणं दुसरीत. शोधण्यातच इतका वेळ जायचा की शेवटी सगळ्याच विषयांच्या नोट्स एकदा नीट लावायला घेतल्या.

बाकीच्या विषयांनी फार छळलं नाही. इतिहासाला कालरेषा पुरली: कागद आडवा धरायचा, मध्ये साल, वर घटना, खाली कारणं आणि परिणाम. १७८९ ला फ्रेंच राज्यक्रांती आणि १९१४ ला पहिलं महायुद्ध अशा खुणा पक्क्या बसल्या की मधल्या जागा भरत जातात. विज्ञानात आकृती मध्ये आणि नावं कडेला. व्याख्या मात्र पुस्तकातल्याच शब्दांत ठेवल्या, कारण चाल आणि वेग यांच्या व्याख्यांतून ‘दिशा’ हा शब्द गळला की दोन्ही सारख्याच होतात. भाषांच्या नोट्स जवळजवळ काढल्याच नाहीत. व्याकरण सोडलं तर तिथे मूळ धडा पुन्हा वाचलेला बरा.

गणिताची पक्की वही करायला घेतली आणि पहिलं प्रकरण सुरेख उतरलं. सूत्रं चौकटीत, उत्तराखाली दोन रेघा. दादाने ती चाळली, मिटून स्वतःकडे ठेवली आणि म्हणाला, “आता हेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडव.” पहिली ओळच सुचेना. वाचताना तर प्रत्येक पायरी पटत होती!

दोष अक्षराचा नव्हता की अभ्यासाचाही नव्हता. सोडवलेलं उदाहरण आपल्याला पायऱ्या दाखवतं, पण ही रीत का घेतली आणि दुसरी का सोडली हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. फळ्यावर ते सर बोलून जातात, वहीत उतरते फक्त आकडेमोड. परीक्षेत मात्र नेमका तोच निर्णय आपला आपल्याला घ्यायचा असतो. त्यामुळे गणिताच्या नोट्समध्ये सगळ्यात जपून ठेवायची गोष्ट म्हणजे तो न लिहिलेला ‘का’, असं माझं मत झालं.

पानाची मांडणी त्यावरून ठरली. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात एक पद्धत रूढ केली: पानाच्या डाव्या बाजूला अरुंद रकाना, तिथे प्रश्न किंवा खुणेचे शब्द, उजवीकडे मुख्य टिपणं आणि तळाशी थोडक्यात सार. मी सार काढून टाकलं, कारण गणितात त्याचं काय करायचं ते मला कळेना. डावा रकाना मात्र ठेवला आणि त्यात फक्त निर्णय लिहायचे ठरवलं.

वर्गसमीकरणाचंच पान घ्या. क्ष² − ५क्ष + ६ = ० याच्यासमोर डावीकडे लिहिलंय: “गुणाकार ६, बेरीज −५, म्हणजे −२ आणि −३ लगेच दिसतात, अवयव पाड.” त्याच्याखाली क्ष² + ४क्ष − १ = ०. इथे गुणाकार −१ आणि बेरीज ४ देणारे पूर्णांक मिळत नाहीत. डावीकडे टीप आहे: “अवयवांच्या मागे लागू नकोस. क्ष चा सहगुणक सम आहे, पूर्ण वर्ग कर.” उजवीकडे (क्ष + २)² = ५ आणि उत्तर −२ ± √५. दोन्ही उदाहरणं एकाच पानावर शेजारी आली तेव्हाच फरक डोळ्यांत भरला. जुन्या वहीत ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मथळ्यांखाली होती.

त्याच पानाच्या तळाशी घसरण्याच्या जागा लिहिल्या. क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागायचा मोह होतो. भागलं की क्ष = ५ मिळतं आणि क्ष = ० हे दुसरं उत्तर गुपचूप नाहीसं होतं. सगळं एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० केलं की दोन्ही उत्तरं सापडतात. कंसाबाहेर वजा असताना आतली चिन्हं बदलणं हे तर जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी आलं.

सूत्रांचं वेगळं पान करताना उलट कात्री लावावी लागली. त्रिकोणमितीत साइन स्क्वेअर थीटा अधिक कॉस स्क्वेअर थीटा बरोबर १ एवढं एकच नित्यसमीकरण चौकटीत ठेवलं. त्याला कॉस स्क्वेअरने भागलं की टॅन आणि सेकचं मिळतं, साइन स्क्वेअरने भागलं की कॉट आणि कोसेकचं. आणि मूळचं तरी काय, कर्ण १ असलेल्या काटकोन त्रिकोणाला लावलेलं पायथागोरसचं प्रमेय. श्रेढीच्या बेरजेचंही तसंच. १ ते १०० ची बेरीज करताना पहिलं आणि शेवटचं पद जोडलं की १०१, दुसरं आणि शेवटून दुसरं जोडलं तरी १०१, अशा ५० जोड्या, म्हणून ५०५०. ही जोड्यांची युक्ती लिहून ठेवली की सूत्र विसरलं तरी अडत नाही. पाठ करायच्या गोष्टी निम्म्याने तरी उतरल्या.

वही की सुटी पानं, यावर मैत्रिणीशी बराच वाद झाला. तिला बांधीव वही हवी, पानं हरवत नाहीत म्हणून. मी रिंगची फाईल घेतली. वर्गात शिकवण्याचा क्रम आणि गणितातला क्रम एक नसतो, त्यामुळे समरूप त्रिकोणांचं पान त्रिकोणमितीच्या आधी सरकवता येणं मला महत्त्वाचं वाटलं. फोनवर टंकून बघितलं तेही, पण अपूर्णांक आणि वर्गमूळ टंकण्यात गणित बाजूलाच राहतं. आता हातानेच लिहिते आणि पानांचे फोटो तेवढे काढून ठेवते.

फाईल तयार झाल्यावर उजळणीची रीतही बदलली. उजवी बाजू कागदाने झाकायची, प्रश्न तेवढा उघडा ठेवायचा आणि सोडवून मगच ताळा पाहायचा. शिवाय वेगवेगळ्या प्रकरणांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून मिसळून टाकले. हे सुरुवातीला नकोसं वाटतं, कारण एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवताना जो वेग येतो तो इथे येत नाही. पण डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली गणितावरच केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: सरावाच्या वेळी एकाच प्रकारची उदाहरणं करणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र मिसळून सराव केलेल्यांनी बाजी मारली. मला त्याचं कारण डाव्या रकान्यात सापडतं. चिठ्ठीवर प्रकरणाचं नाव नसतं, त्यामुळे कोणती रीत लावायची हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

भूमितीच्या रचना अजून या साच्यात बसलेल्या नाहीत. पूर्ण झालेल्या आकृतीत कोणता कंस आधी काढला ते कळत नाही, आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी आकृती काढली तर एका रचनेला अख्खं पान जातं. सध्या कंसांना काढल्याच्या क्रमाने आकडे देऊन पाहते आहे. वर्तुळाला बाह्यबिंदूतून स्पर्शिका काढण्यापर्यंत ते निभावलं, दिलेल्या त्रिकोणाशी समरूप त्रिकोण काढताना आकड्यांचीच गर्दी झाली.