आमची वाटचाल : कोयता परतायच्या आत

2009 साली बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या बाहेर माळावर अर्धा एकर जागा भाड्यानं घेतली. भांडवल म्हणजे सिमेंटचे ब्लॉक पाडायचा एक हातसाचा, दोन ट्रॅक्टर कच (दगडाचा चुरा) आणि वडिलांची गवंडीकामातली ओळख. गिऱ्हाईक असायचं पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं, दुकानाच्या गाळ्याचं, कधी एखाद्या मास्तरांच्या घराचं. सरकारी घरकुलवाल्यांना आम्ही टाळायचो. हप्ते रखडतात, उधारी बुडते, असं सगळेच सांगायचे. (ते अगदी खोटंही नव्हतं.)

2016 मध्ये इंदिरा आवास या जुन्या घरकुल योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. 269 चौरस फुटांचं घर, हप्त्याहप्त्यानं 1 लाख 20 हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. याद्या लागल्या, पण घरं काही उठेनात. जोत्यांवर बाभळी उगवल्या. लोकांनी हप्ता खाल्ला, असं पारावर बोललं जायचं. मलाही तसंच वाटायचं.

मग एके दिवशी एक मावशी यार्डात आल्या. 15 हजारांचा पहिला हप्ता खात्यात पडलेला. म्हणाल्या, "दादा, ब्लॉक घेते, पण गुढीपाडव्यापर्यंत तुझ्याकडंच राहू दे. आमची गाडी परवा निघतीय."

हा सगळा पट्टा ऊसतोडीचा. दसरा झाला की नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला इकडं कोयताच म्हणतात) कारखान्यावर जातो, तो पाडव्याच्या आगेमागे परततो. बांधकामाला माणसं सापडतात ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा माळावर प्यायचं पाणीही टँकरनं येतं. विटा भिजवायला, भिंतीवर मारायला पाणी आणायचं कुठून? रोजगार हमीचे 90 दिवस तरी कोण भरणार? मावशींच्या एका वाक्यात मला हे कळलं, आणि इतकी वर्षं याच गावात राहून कळलं नव्हतं याची लाजही वाटली.

मग आम्ही धंद्याचं वर्षच फिरवलं. आता ब्लॉक पाडायचं मुख्य काम पावसाळ्यात चालतं. शेजारच्या शेततळ्याच्या पाण्यावर ब्लॉक 21 दिवस भिजतात आणि प्रत्येक घराची थप्पी वेगळी लागते, चुन्यानं नाव लिहून. 16 बाय 8 बाय 6 इंचाचे सातशे-साडेसातशे ब्लॉक एका घराला पुरतात; नऊ इंची भिंत विटांची केली तर सहा-साडेसहा हजार विटा लागतात. ब्लॉक बांधताना भिजवावा लागत नाही, सांधेही कमी. पाणी लागतंच, पण टँकरच्या दोन-चार पिपांत भागतं. जोतं मात्र दसऱ्याआधी भरून घ्यायला सांगतो, कारण जोत्याच्या फोटोवर पुढचा हप्ता निघतो, आणि त्या दिवसांत त्याला पाणी आभाळच मारतं.

या योजनेत ठेकेदार चालत नाही, घर लाभार्थ्यानंच बांधायचं. म्हणून आम्ही ठेका घेत नाही. साहित्य देतो, गवंडी सुचवतो, मजुरी घरची माणसं ठरवतात.

पहिल्याच हंगामात तोंडावर आपटलो. मागणी बघून हावरेपणा केला आणि आठव्या दिवशीच ब्लॉक उचलले. गवंड्यानं हातोडी लावली तर कोपरा मुठीत आला. दीड भिंत उतरवून आमच्या खर्चानं पुन्हा बांधली. ज्यांचं घर होतं ते काका एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून नावाखाली पाडल्याची तारीखही लिहितो.

उधारीचा एकच नियम आहे. मुकादमाची उचल, म्हणजे पुढच्या ऊसतोडीपोटी घेतलेले आगाऊ पैसे, आणून आमचं बिल भागवायचं नाही. त्या पैशात घर उभं राहतं, पण पुढचा हंगाम गहाण पडतो. आम्ही हप्त्याची वाट बघतो. काहींचे पैसे दोन वर्षांनी आले, काहींचे यायचेत. बायको वही ठेवते, आणि अधूनमधून ती माझ्यासमोर मुद्दाम उघडी टाकते.

फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्याच्या कार्यक्रमात राज्यातल्या 20 लाख घरकुलांना एकदम मंजुरी मिळाली, आणि राज्यानं 50 हजारांची भर जाहीर केली. इकडं गवंडी मिळेना. आता ऊसतोडीला न जाणाऱ्या दोन बायका ओळंबा धरायला शिकल्यात. सुरुवातीला गवंडी हसले, मग त्यांचीच कामं तुंबली तेव्हा हाक मारायला आले.

ज्यांना जागाच तोकडी आहे त्यांचं काय, यावर सध्या डोकं चालवतोय. दोन घरांत एक भिंत सामाईक ठेवली तर सव्वाशे-एक ब्लॉक वाचतात आणि बोळात जाणारी जागाही. दोन सख्ख्या भावांना नकाशा दाखवला. दोघं तिथल्या तिथं तयार झाले. रात्री थोरल्या वहिनींचा फोन आला, "भाऊजी, भिंत दोन्हीकडून वेगळीच घ्या." त्यांच्या दोन थप्प्या अजून एकमेकींना चिकटूनच लावल्यात. पाडव्यापर्यंत वेळ आहे.