बेलापूरचे तीन दिवस, एक जप्त ट्रायपॉड आणि न उजळलेला बोळ

साडेचार हजार रुपये मोजून मी जो सल्ला विकत घेतला तो असा: "स्टेशनात बिनधास्त ट्रायपॉड लावा, सात फ्रेम घ्या, घरी येऊन एकत्र करा, फोटोत कुठेही काळं राहता कामा नये." यातलं 'घरी येऊन एकत्र करा' एवढंच खरं निघालं. कार्यशाळा घेणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पण ठाण्यात कुणी तुम्हाला एका रविवारात इमारतींची एचडीआर फोटोग्राफी (कमीजास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून एक फोटो करायचा) शिकवतो म्हणाला, तर त्याने काढलेल्या फोटोत माणसं दिसतात का ते आधी बघा. नसतील तर त्या पैशात जोडे घ्या, जास्त उपयोगी पडतील.

कॅमेरा, रॉ फाइल, ब्रॅकेटिंग म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. दिवसाला दहा-बारा किलोमीटर पायी होतं, तेही धरून चालतो. दिवाळीनंतरचा आठवडा होता, ऑक्टोबरचं ऊन अजून उतरलं नव्हतं आणि सुट्टी तीनच दिवस होती.

नौपाड्यातून सकाळी निघालो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने बेलापूरला जाताना थेट पनवेल गाडी पकडा, नाहीतर नेरुळला उतरून बदलावी लागते.

पहिल्या दिवशी एका स्टेशनात गेलो. कुठलं ते सांगत नाही. नवी मुंबईची स्टेशनं मुंबईसारखी नाहीत. इथल्या रेल्वेमार्गांच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने उचलला, त्यामुळे स्टेशन म्हणजे नुसता फलाट न राहता शहराचा दरवाजा झाला: वर ऑफिसं, खाली उंच प्रशस्त हॉल आणि फलाटांखालून जाणारे भुयारी रस्ते. वाशीला पहिली लोकल १९९२ साली आली तेव्हा आजूबाजूला एवढा हॉल भरेल इतकी माणसंही नव्हती. आता सकाळी साडेआठला तिथे उभं राहून दाखवा.

मला हवं होतं ते भुयाराचं तोंड. आत ट्यूबलाइट, बाहेर भर दुपार, मध्ये वीस-पंचवीस पायऱ्या. एचडीआरचं एरवी कितीही कौतुक करा, त्याची खरी गरज अशाच जागी पडते. एफ ८ आणि आयएसओ १०० ला बाहेरच्या उन्हाला १/५०० सेकंद पुरतो, आतल्या भिंतीला अर्धा सेकंद लागतो. आठ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यात भिंतीच्या काळोख्या कोपऱ्यांना आणखी थोडं हवं आणि उन्हात चमकणाऱ्या रेलिंगला आणखी कमी. एका फाइलमधून ते ओढून काढता येतं, पण आतली भिंत खरखरीत होते.

ट्रायपॉडचे पाय उघडून तीन मिनिटंही झाली नसतील, दोन कॉन्स्टेबल आले. "साहेब, स्टँड खाली घ्या. परवानगी आहे?" मी कार्यशाळेतलं वाक्य म्हणून दाखवलं. त्यातला तरुण नुसता हसला, दुसऱ्याने ट्रायपॉड काखेत घेतला. पुढचा दीड तास मी एका खोलीत, पंख्याखाली, कोऱ्या कागदावर अर्ज लिहीत होतो. 'मी यापुढे विनापरवाना...' हे तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन कागदांवर तारीख चुकली. ते माझ्याशी वाईट वागले असं म्हणणार नाही. चहाही दिला. पण सुट्टीच्या तीन दिवसांतली दुपार गेली ती गेली. ट्रायपॉड संध्याकाळी परत मिळाला, त्याची एक कळ तुटलेली होती. ती आधीच तुटली होती की नाही, देव जाणे.

म्हणून स्पष्ट सांगतो: स्टेशनात ट्रायपॉड नेऊ नका. गंभीर काम असेल तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून आधी लेखी परवानगी घ्या आणि तो कागद खिशात नाही, हातात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदल्या दिवशीच्याच हट्टाने तिथे परत गेलो, या वेळी नुसता कॅमेरा गळ्यात. आधी खोलीत जाऊन विचारलं, "हातात धरून दोन फोटो काढले तर चालतील का?" कालच्याच तरुणाने मान हलवली, "दोन म्हणजे दोनच." (मी दोनशे दहा काढले.) ट्रायपॉडशिवाय अर्धा सेकंद माझा हात स्थिर राहत नाही, तेव्हा आयएसओ ८०० आणि एफ ५.६ केलं. त्याने चार स्टॉप मिळाले आणि पाच फ्रेमची रांग अशी लागली: १/८०००, १/२०००, १/५००, १/१२५, १/३०. पाठ खांबाला टेकवली, कोपरं बरगड्यांना लावली आणि पाचही फ्रेम एका दमात सोडल्या. सात नाही, पाच. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच पुरतात. सात घेतल्या की हात हलायला वेळ मिळतो, बाकी काही मिळत नाही.

एलईडी दिव्यांमुळे फोटोत उमटणाऱ्या पट्ट्यांची भीती मला फार होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि फास्ट शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात. कार्यशाळेत यावर चकार शब्द नव्हता. पण नीट विचार केला तर घाबरायचं कारण नाही. १/८००० ची फ्रेम आपण फक्त बाहेरच्या उन्हासाठी घेतो, आतला उजेड १/३० च्या फ्रेममधून येतो, तिथे पट्टे नसतात. अडचण येते ती मधल्या फ्रेममध्ये दिवाच चौकटीत आला तर. तेव्हा दिवा चौकटीबाहेर ठेवा किंवा खांबाआड घाला.

आता खरी गोष्ट. हॉटेलवर येऊन (हो, राहिलो. रोज ठाणं-बेलापूर करायचं म्हणजे संध्याकाळचा प्रकाश गाडीत बसून बघायचा) फ्रेम जोडल्या, सगळ्या सावल्या उजळल्या, आणि भुयार लग्नाच्या हॉलसारखं दिसायला लागलं. भिंतीवरची पानाची पिचकारी, वायरींचे झुपके, 'येथे थुंकू नये', सगळं सारख्याच मनापासून उजळलेलं. जिन्याच्या तोंडाभोवती पांढरी झालर आणि आकाश नीळ घातलेल्या धोतरासारखं. डोळा कुठे ठेवायचा तेच कळेना. माणसं होती, पण पाच फ्रेममध्ये पाच जागी, त्यामुळे प्रत्येकाला तीन-तीन पाय.

मग मूळ फायली एकेक करून पाहिल्या. त्यात एक गोष्ट मी कॅमेऱ्यामागे असताना पाहिली होती, पण फोटोत धरली नव्हती. भुयारातून वर येणारा माणूस वरून तिसऱ्या पायरीवर थांबतो. रोज नाही, सगळे नाहीत, पण बरेच. खाली फोनला नेटवर्क नसतं, त्या पायरीवर येतं. माणूस तिथे थबकतो, फोन कानाला लावतो, "हां, पोचलो, पोचलो" म्हणतो आणि पुढे जातो. उन्हाची तिरकी कड सकाळी साडेनऊच्या सुमारास नेमकी त्याच पायरीवर असते.

दुपारी तिसऱ्यांदा गेलो नाही, शरम वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. चौकट आधी ठरवली: खालून, डाव्या भिंतीला खेटून, रेलिंग त्या पायरीकडे नेणारं. उजवी भिंत पूर्ण काळी. मग माणसाची वाट पाहत बसलो. पन्नास मिनिटं. हिरव्या साडीतल्या एक बाई आल्या, हातात डब्याची पिशवी, थांबल्या, फोन लावला, मोकळ्या हाताने चपलेचा पट्टा ओढला. दीड सेकंद. पाच फ्रेम. जोडताना सॉफ्टवेअरमध्ये 'घोस्ट काढा' (हललेल्या माणसाचे जादा हातपाय पुसा) असा पर्याय असतो, त्यात माणसासाठी मधली एकच फ्रेम निवडता येते. १/५०० च्या फ्रेममधून बाई घेतल्या, बाकी सगळं इतर फ्रेममधून. भिंत जवळजवळ काळीच ठेवली, नुसता टाइल्सच्या सांध्यांचा भास. तीन दिवसांतला बरा म्हणावा असा तो एक फोटो.

१८५६-५७ च्या सुमाराला गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्यावर घेऊन दोन्ही एका प्रिंटवर जोडली होती. अडचण तीच, एका फोटोत न मावणाऱ्या उजेडाची. त्याच्या काही समुद्रचित्रांत पुढचा भाग जवळजवळ काळाच आहे. त्याला कुणी साडेचार हजार मागितले नव्हते म्हणून बरं.

आता आर्टिस्ट व्हिलेज. ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झालं. बेलापूर स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर. रिक्षावाल्या दादाने दीडशे सांगितले. मीटरने या म्हटल्यावर तोंड फिरवलं. पुढच्या दोघांनी तेच केलं. चौथ्याने मीटर टाकला. स्टेशनच्या तोंडाशी उभ्या रिक्षा सोडून शंभर पावलं पुढे चाला आणि रस्त्यावरून जाणारी थांबवा.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ही वसाहत १९८३ ते ८६ च्या दरम्यानची. कौलारू उतरत्या छपरांचे जुने फोटो बघून जाल तर फसाल. मी फसलो. कौलं मोजकीच उरली आहेत. बाकी दुमजली-तिमजली आरसीसी, स्टीलची रेलिंग, लादी लावलेले दर्शनी भाग. पहिली पंधरा मिनिटं मी चिडून हिंडत होतो. मग आठवलं की कोरियांना हेच हवं होतं: प्रत्येक घर आपल्या प्लॉटवर, शेजाऱ्याशी एकही भिंत सामायिक नाही, म्हणजे ऐपत येईल तसं ज्याने त्याने वाढवावं. फोटोची गोष्ट छपरात नाही, छपराला खेटून उभ्या असलेल्या तिमजल्यात आहे. एका चौकटीत दोन्ही येतील अशी जागा शोधा. फार आहेत.

अडचण जागेची. सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या चौकाभोवती, आणि असे तीन चौक बारा बाय बारा मीटरच्या मोठ्या चौकाभोवती. आठ मीटरवरून फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ एमएमची लेन्स, कॅमेरा आडवा आणि सपाट धरला तर जमिनीपासून साडेपाच मीटरपर्यंतच दिसतं. छप्पर कापलं जातं. कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात. उभा धरला तर साडेसात मीटर. तरी तिमजली घर बसत नाही. कोपऱ्यात जाऊन कर्णावरून बघा, सव्वाअकरा मीटर मिळतात आणि उभ्या चौकटीत दहा मीटर उंची येते. खाली भरमसाट फरशी येते ती नंतर कापा. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न उचलता चौकट वर सरकवणारी) भाड्याने घेऊ नका, भाड्यात तीन दिवस जेवाल.

चौकात एका आजींनी हटकलं. "काय रे, घर विकायला काढलंय का कुणी?" इथे फोटो काढणारा म्हणजे दलाल, असा हिशेब. आधी दारात जाऊन सांगायचं, मग कॅमेरा काढायचा, हे मला आजींनी शिकवलं, फुकट. मग त्यांनी खुर्ची दिली आणि बसायला लावलं.

सूर्य सव्वासहाच्या आत मावळला. पुढची वीस मिनिटं आकाश आणि दारातला पिवळा उजेड जवळजवळ एका पातळीवर येतात, तेव्हा तीनच फ्रेम पुरतात. आजींनी आकाशकंदील उतरवला नव्हता, त्रिपुरीपर्यंत ठेवतात म्हणाल्या. कंदिलाच्या कागदाचा गुलाबी रंग टिकेल अशी सर्वांत कमी उजेडाची फ्रेम घेतली, बाकी दोन तिच्यावर. ट्रायपॉड तुटक्या कळीवर दोरी बांधून उभा केला. आजींचा नातू बोळातून सायकल ढकलत आला आणि बोळाच्या तोंडाशी थांबला.

हॉटेलवर पहिल्यांदा जोडलं तेव्हा सवयीने बोळ उजळला. आतून एक स्कूटर, सांडपाण्याचा पाइप आणि निळा ड्रम बाहेर आला. पोराकडे कुणी बघेना, सगळे ड्रमकडे. पुन्हा जोडलं, बोळ काळा ठेवला. पोरगा अंधारातून कंदिलाच्या उजेडात आलेला दिसतो.

महापालिकेचं मुख्यालय शेवटच्या संध्याकाळी केलं. पांढरा घुमट, दिवे, पाम बीच रोडवरून छान दिसतं. कुणीही काढेल. एक तास पुरे.

परतीच्या गाडीआधी आजींना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवायला गेलो. चष्मा कपाळावर सारून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आमचा बोळ एवढा काळा कशाला केलास?"

सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच पुन्हा स्क्रीन जवळ ओढली. "पण ड्रम दिसत नाही हां. बरं केलंस. सुनेला सांगून सांगून थकले, उचल म्हणून."

प्रिंट आठ बाय बाराचा हवा म्हणाल्या.