आग्रह नसलेल्या देशाची तयारी

मास्टर्सला जर्मनीत, स्टुटगार्टला जायचं ठरलं आणि आमच्या सांगलीच्या घरात दोन याद्या सुरू झाल्या. माझ्या यादीत एपीएस प्रमाणपत्र (आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, भरायचे वर्षाचे ११,९०४ युरो, विमा, व्हिसा. आईच्या यादीत गोडा मसाला, मेतकूट, कुकर, कुकरची जास्तीची रिंग आणि साजूक तूप. माझ्या यादीबद्दल इथे लिहीत नाही, ती माहिती कुठेही मिळते. आईच्या यादीतून तूप आणि पेढे काढावे लागले, कारण युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही तसाच राहिला. (घाबरू नका. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की फक्कड तूप होतं.) आजीला मात्र या सगळ्यापेक्षा, स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, या एका माहितीने जास्त धीर आला.

खरी तयारी पुण्यात झाली, रानडे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या वर्गात. व्याकरण तर होतंच, पण आमच्या मॅडम मधूनच नाटक करायला लावायच्या. एकदा त्या यजमान आणि मी पाहुणी. त्यांनी कॉफी विचारली. मी सवयीने म्हटलं, "नको, राहू दे." त्यांनी शांतपणे कप उचलून बाजूला ठेवला आणि दुसराच विषय काढला. वर्ग हसला. मग मॅडम म्हणाल्या, "हवी असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं. दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, आणि त्यात अपमानही नाही."

हे मी घरी करून पाहायला लागले. आईने पोळी वाढताना "अजून एक?" म्हटलं की मी एकदाच उत्तर द्यायची आणि त्यावर ठाम राहायची. बाबांनी दोन दिवसांत जाहीर केलं की मुलगी विमानात बसायच्या आधीच परकी झाली. पण सवय अशीच लागते. आपलं निम्मं बोलणं समोरचा ओळखेल या भरवशावर चालतं: "बघू", "जमवते", "चालेल तसं." ते तिथे कुणी ओळखत बसत नाही, जे बोलाल तेच धरतात. भारतीय मुलांना जर्मन लोक कोरडे वाटतात त्याचं अर्धं कारण हेच असावं, असं माझं मत झालंय.

विद्यापीठात तर हे फार भोवू शकतं. परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या मुदतीत आपणच पोर्टलवर नाव नोंदवायचं. वर्गशिक्षक नाहीत, सूचनाफलकावर लाल अक्षरं नाहीत, "अगं, फॉर्म भरलास का?" म्हणणारं ऑफिस नाही. तारीख गेली की परीक्षा गेली. म्हणून सत्र सुरू होताच या तारखा भिंतीवर लावायच्या हे मी सीनियर्सकडून शिकून गेले होते. गुणांचीही उलटी गंमत आहे: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. पहिल्यांदा ऐकलं की गोंगाट वाटतो. प्रोजेक्टच्या गटात माझं गणित चुकलंय असं एकाने सरळ तोंडावर सांगितलं आणि पाच मिनिटांनी माझ्यासोबत जेवायला कॅन्टीनमध्येही आला. दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नव्हता. गणित बरोबर होतं, तेही मी तितक्याच सरळपणे सांगू शकले, ही वर्गातल्या नाटकांची कृपा.

पुस्तकातली भाषा मात्र स्टेशनबाहेर पडताच अर्धी झाली. तिथे श्वेबिश बोली चालते. पुणेरी मराठी शिकून थेट मालवणात उतरल्यासारखं झालं. त्याला तयारी नसते, कान हळूहळू बसतो.

जिची मला अजिबात कल्पना नव्हती ती गोष्ट म्हणजे केअरवोखं. या भागाची ही खास रीत: इमारतीतल्या घरांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा, पुसायचा, कुठे तळघर आणि फुटपाथही. पाळी आली की दारावर एक पाटी लटकते. आठवडा संपला की आपण ती शेजाऱ्यांच्या दारावर अडकवायची. कुणी बोलत नाही, पाटी बोलते. पुसलेला जिना खालच्या मजल्यावरच्या आजी चष्मा लावून पाहायच्या हे खरं, पण कचरा कुठल्या डब्यात, रिकाम्या बाटलीच्या अनामतीचे २५ सेंट कुठे परत मिळतात, रात्री दहानंतर मिक्सर का लावायचा नाही, हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. मी विचारलं म्हणून. न विचारता त्यांनी कधीच काही सांगितलं नाही.

मैत्रीलाही हाच नियम. "ये कधीतरी घरी" याला तिथे अर्थ नसतो. "गुरुवारी सहाला येशील?" याला असतो. असं दोन-तीनदा मीच बोलावल्यावर माझी फ्लॅटमेट खरी मैत्रीण झाली.

पुढे तिला घेऊन मी तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला गेले. या भागात गाड्यांच्या कंपन्यांमुळे पुण्याकडची बरीच कुटुंबं आहेत. पंगतीत एका काकूंनी तिला मोदक विचारला. ती म्हणाली, "नको, पोट भरलं." दोन पडले. तिने पुन्हा नको म्हटलं, तिसरा पडला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यात कितवा नकार मोजतात?"

"ताटावर आडवा हात धर," मी म्हटलं, "तोंडी नकार चालत नाही."

तिने धरला. काकूंनी बोटांच्या फटीतून तूप वाढलं.