मॉरिशसची पायी शिवरात्र

'सातासमुद्रापार जपली मायमराठी' टाइप बातम्या आपल्याकडे येतच असतात, मीपण त्या वाचूनच मॉरिशसला नोकरीला आलो होतो आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या मराठी मित्राशी मोठ्या उत्साहात मराठीत सुरू झालो तर तो गडी इंग्लिशमध्ये सॉरी म्हणाला. घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली बोली, ऑफिसात फ्रेंच नाहीतर इंग्लिश, म्हाताऱ्यांशी थोडी भोजपुरी. मग मराठी कुठंय? तर म्हणे देवळात. हे काय प्रकरण आहे ते मला महाशिवरात्रीला त्याच्या घरच्यांबरोबर गंगा तलाव या डोंगरातल्या पवित्र तळ्यापर्यंत चालत गेलो तेव्हा जरा समजलं.

आळंदी ते पंढरपूर चाललेल्या माणसाला हे अंतर किरकोळ वाटेल. आम्ही क्वात्र बोर्नहून संध्याकाळी निघालो, वाक्वा, ला मारी, पुढे तो मोठा जलाशय, पेत्रँ, आणि उजाडायच्या आत तळं. लांबच्या गावचे लोक मात्र आधीपासून चालत असतात, रस्ताभर सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमची कावड छोटी होती, बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कागदाची फुलं, आरशाचे तुकडे चिकटवलेले आणि आत पिंड, गाडीचा लाइट पडला की आरसे असे चमकायचे की पुढचं दिसायचं नाही. पोरांच्या मंडळांच्या कावडी म्हणजे चाकांवरची अख्खी देवळंच, मागे जनरेटर, त्यावर स्पीकर. 2024 ला अशी एक उंच कावड विजेच्या तारेला लागून पेटली, माणसं गेली, तेव्हापासून उंचीवरून कडक नियम झालेत. पोरं कुरकुर करतात, पण मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं.

खायची मात्र चंगळ. दर थोड्या अंतरावर टेबल मांडून लोक हाक मारून बोलवतात, सरबत, अननस, चहा, दालपुरी, आणि वाढणाऱ्यांत सगळे हिंदूच असतात असंही नाही. दालपुरी म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळी समजा, रस्सा घालून गुंडाळून देतात, चालता चालता खाताना अर्धा शर्टावर.

मित्राची आजी ला मारीपासून आमच्यात आली, तिथपर्यंत कारने, गुडघे नाहीत म्हणाली. तिनेच तळ्याची गोष्ट सांगितली, भोजपुरीत, मला साठ टक्के कळली. उत्तरेकडच्या त्रिओले गावचे झुम्मन गिरी म्हणून पुजारी होते, त्यांना स्वप्नात दिसलं की डोंगरातल्या या तळ्याचं पाणी गंगेचंच आहे, मग 1898 ला ते माणसं घेऊन चालत इकडे आले. तेव्हा याला परी तलाव म्हणत. नंतर 1972 ला खरंच भारतातून गंगाजल आणून यात ओतलं आणि नाव गंगा तलाव झालं. म्हणजे बघा, यात्रा मुळात बिहारकडून आलेल्या मजुरांची, स्पीकरवरची भजनं हिंदी, आणि आमचा घोळका त्यात मराठी म्हणून चाललेला.

मराठी म्हणून म्हणजे कसं, तर इथल्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात लोक 'मराठी' असं लिहितात आणि सरकार ते मोजतंपण! तमिळ, तेलुगूचंही तसंच. घरी काय बोलता हा प्रश्न वेगळा, तिथे बहुतेकांचं उत्तर क्रेओल. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं, पण चालताना नीट विचार केल्यावर पटलं. 1834 पासून ऊस तोडायला करारावर पाच लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईला उतरली, त्यातली मुंबई बंदरातून आलेली मराठी माणसं थोडी, उसाच्या मळ्यावर सगळी एकत्र. बाजारात, कामावर मराठी बोलून कोणाला कळणार होतं? पण गणपती बसवायचा, लग्न लावायचं, तेव्हा मराठीच लागायची. संध्याकाळी बैठकांमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या शाळांमध्ये, पोरांना शिकवलं तेही तेवढ्यापुरतं. आडनावंसुद्धा राहिली नाहीत, कारकुनाने मजुराचं नाव लिहून घेतलं आणि पुढे तेच आडनाव झालं, म्हणून इथे राघोजी, भिवाजी अशी आडनावं भेटतात. मित्राच्या पणजोबांच्या कागदाची कॉपी मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून काढलेली आहे, मजुरांच्या जुन्या नोंदी तिथे असतात, जिल्हा 'रटनाघेरी', गाव मात्र वाचताच येत नाही.

पेत्रँनंतर पाऊस लागला, दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच पाइनची झाडं, थंडी, आणि मग धुक्यातून एकदम 108 फुटी मंगल महादेव, म्हणजे शंकराचा पुतळा. तळ्याकाठी ही गर्दी, माकडं केळी पळवताहेत, स्वयंसेवक शिट्ट्या मारताहेत. आमच्या लोकांनी पाण्यात पाय बुडवून आरती धरली, 'लवथवती विक्राळा'. रोमन लिपीत छापलेले कागद भिजलेले, तरुण पोरं ते बघून म्हणत होती, उच्चार फ्रेंच वळणाचे, 'ळ' तर जवळपास गायबच. आजीने कागद घेतलाच नाही. सगळी कडवी तोंडपाठ, आणि मध्ये एका ठिकाणी मी अडकलो तर तिने मला पुढचा शब्द दिला. तिला मी नंतर मराठीत विचारलं, पाय दुखतायत का, तर तिला प्रश्न कळला नाही.

आता याला मराठी जपली म्हणायचं का? माझ्या मते नाही, आणि तसं म्हणायचा हट्ट आपणच करतो, त्यांचा तसा दावाही नाही. त्यांनी जपलं ते कुळाचार, देव आणि आपण कोण याची खूण, त्याला मराठी चिकटून राहिली. कास्कावेलला विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे, तिथेही हेच.

तळ्याचं पाणी लोटीत भरून घेतलं, ते रात्री गावातल्या देवळात पिंडीवर घालतात, आणि परतीच्या बसच्या लायनीत तासभर उभे होतो तेव्हा मित्राची पुतणी मला येऊन चिकटली. ती शाळेत मराठी विषय घेते, बोलते एकदम पुस्तकी, "आपण कुठे वास्तव्य करता?" टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' का, क्रेओलमध्ये असली भानगड नाही, मार्क जातात, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं पाठ कर, दुसरा उपाय नाही. तर म्हणाली पुढच्या वर्षी मराठी सोडणार आणि अकाउंटिंग घेणार. आणि गणपतीत आरती? "ती तर म्हणणारच ना अंकल, त्याला शाळा कशाला?"