कागदी मुकुटाची चोरी आणि बावीस मिनिटांचा हिशोब

चारचौघांत न बसणाऱ्या पात्रांची मालिका सुरू करताना लेखक हमखास एक चूक करतात. पात्र विचित्र आहे हे शेजारी, शिक्षक, आईवडील असे सगळे बोलून दाखवतात आणि ते पात्र मात्र खिडकीत बसून उसासे टाकतं. डॅना टेरेस यांच्या ‘द आउल हाउस’ या अ‍ॅनिमेशन मालिकेचा पहिला भाग या खड्ड्यात पडत नाही, म्हणून तो बारकाईनं उलगडून बघण्यासारखा आहे. डिझ्नी चॅनलवर तो 10 जानेवारी 2020 रोजी आला. पुढे मालिका तीन पर्व चालली आणि एप्रिल 2023 मध्ये संपली. (पुढे कथानक फोडलेलं आहे.)

भागाचं नाव आहे ‘अ लाइंग विच अँड अ वॉर्डन’. सी. एस. लुईस यांच्या सिंह, चेटकीण आणि कपाटाच्या कादंबरीच्या (‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’) नावावरची ही कोटी. ‘लायन’चं ‘लाइंग’ झालं, ‘वॉर्डरोब’चा ‘वॉर्डन’. त्या कादंबरीतल्या जादूच्या जगात नेणाऱ्या कपाटाच्या जागी इथे जंगलातल्या पडक्या घरातलं दार आहे. आणि पलीकडे बर्फ नाही, सिंह नाही. आहे तो जुन्या बाजारातल्यासारखा भंगाराचा तंबू. माणसांच्या जगातला कचरा जादूच्या जगात चढ्या भावानं विकणारी चेटकीण ईडा ही तिथली मालकीण.

पण आधी शाळा. मालिकेची नायिका लूझ हिनं पुस्तकाच्या सादरीकरणासाठी वर्गात जिवंत साप आणलेत, ते सुटलेत आणि आता ती आईबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली आहे. तिचे आधीचे पराक्रमही भराभर दिसतात, त्यातच एक तोंडातून कोळी सोडणारा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. ती वेगळी आहे असं कुणाला भाषण करून सांगावं लागत नाही. शिवाय ती निव्वळ बिचारीही नाही. तिच्या हौसेपायी खरंच गोंधळ उडतो, दुसऱ्यांना त्रास होतो. आई दुष्ट नाही. ती दमलेली, काळजीत पडलेली बाई आहे. मुलीला उन्हाळी शिबिराला पाठवण्याचा तिचा निर्णय चुकीचा असेल, पण समजण्याजोगा आहे. शिबिराचं घोषवाक्य आहे ‘चौकटीत राहून विचार करा’.

त्या ग्रिफिनचा हिशोब पुढे चुकता होतो. जादूच्या बेटांवर खराखुरा ग्रिफिन दिसतो आणि त्याच्याही तोंडातून कोळी बाहेर पडतात. लूझचा आनंद बघावा! शाळेत जे वेड ठरलं ते इथे साधं प्राणिशास्त्र निघालं. नव्या जगाची ओळख करून द्यायला यापेक्षा स्वस्त युक्ती नाही. नियम समजावणारा एकही संवाद लागला नाही.

स्वस्त हा शब्द मुद्दाम वापरला. भाग सुमारे 22 मिनिटांचा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 31,680 फ्रेम होतात आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी एका पात्राच्या सलग हालचालीला 15,840 चित्रं लागतात. असल्या मालिकांमध्ये कथाफलक (प्रसंगांचे चित्ररूप आराखडे, स्टोरीबोर्ड) अमेरिकेत तयार होतात आणि प्रत्यक्ष रेखाटनाचं मोठं काम दुसरीकडे जातं. या मालिकेचं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंकडे गेलं. एकदा कथाफलक पुढे गेला की प्रसंग बदलणं महागात पडतं. गर्दीचं दृश्य तर सगळ्यात महाग. म्हणून पुढचं कथानक घडतं त्या तुरुंगात कैदी पुष्कळ असले तरी मोजकेच बोलतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच ठसठशीत विक्षिप्तपणा येतो. एकजण खाद्यपदार्थांच्या प्रेमकथा लिहिते, दुसरी जगाबद्दल भलतेच सिद्धांत मांडते. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

इथे भागाची खरी गाठ लागते. ईडाला लूझ हवी आहे ती एका कामापुरती. तिच्या घरात राहणाऱ्या किंग नावाच्या छोट्या राक्षसाचा मुकुट तुरुंगात अडकला आहे आणि त्याभोवतीचं अदृश्य कडं फक्त माणूस ओलांडू शकतो. म्हणजे लूझकडे कुठलीही गुप्त शक्ती नाही. ती तिथे परकी आहे, हीच तिची उपयुक्तता. आणि मुकुट निघतो बर्गरच्या दुकानात मिळतो तसला कागदी! त्यात जादू नाही, काही नाही. किंगला तो हवा आहे, एवढं कारण ईडाला पुरतं. जगबुडीपासून जग वाचवायचं ओझं पहिल्याच भागावर टाकलं असतं, तर हे नातं एवढ्या कमी वेळात उभं राहिलं नसतं.

लूझला तुरुंगात शिबिराचं माहितीपत्रकच भेटतं, फक्त गजांसकट. लेखक हे साम्य बोटानं दाखवत नाहीत, पण तिचा चेहरा सांगतो.

कच्चं काय? तुरुंगाचा प्रमुख, वॉर्डन. ईडाचं मुंडकं उडवतो (ते उडाल्यावरही बडबडत राहतं, हा प्रसंग झकास आहे), आणि मग त्याचा सगळा खटाटोप एकतर्फी प्रेमापोटी होता असं कळतं. विनोद म्हणून खपतं, पण तुरुंगाची भीती तिथेच विरते. माणसांना वेगळेपणासाठी कोंडणारी व्यवस्था एका रुसलेल्या प्रेमवीरापर्यंत आकसते. तिला परत दात यायला बरेच भाग जावे लागतात. कैद्यांचं बंडही घाईत उरकलेलं वाटतं.

शेवट मात्र पक्का. लूझ राहायचं ठरवते, ईडाकडे काम करून जादू शिकायचं ठरतं, आणि आईला मात्र आपण शिबिरातच आहोत असं भासवते. शीर्षकातली खोटारडी चेटकीण ईडाच, पण भाग संपताना होऊ घातलेली चेटकीणही खोटं बोलून बसते. तिला जादू लगेच येत नाही. जादू घडवणारं पहिलं चिन्ह, प्रकाशाचं, सापडतं चौथ्या भागात. दुसऱ्या भागात तर ‘तूच ती निवडलेली’ असं सांगणारा जादूगार चक्क भामटा ठरतो. दोन्ही भाग लागोपाठ बघावेत. पहिल्यात टाळलेला साचा दुसऱ्यात उघडपणे मोडलेला दिसतो.

पुन्हा बघायचा असेल तर तंबूपर्यंतचा तुकडा आवाज बंद करून बघा. बहुतेक सगळं कळतं. आणि पहिल्या पर्वाच्या 19 भागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं क्रमानं मांडा. ‘अ विच लूझेस अ ट्रू वे’ असं वाक्य तयार होतं, म्हणजे एका चेटकिणीची खरी वाट हरवते. त्यातलं पहिलं अक्षर याच भागाचं.