स्प्रिंगची की बिनस्प्रिंगची: चामड्याची सीट निवडतानाचा माझा अनुभव

सायकलला चामड्याची सीट बसवायची हे मी एका दिवसात ठरवले. ती स्प्रिंगची घ्यायची की बिनस्प्रिंगची, हे ठरवायला मात्र मला जवळजवळ सव्वा वर्ष लागले. या काळात दोन्ही प्रकारच्या सीटवर मिळून मी सात हजारांहून अधिक किलोमीटर सायकल चालवली, त्या आलटूनपालटून बसवून पाहिल्या, आणि अखेरीस लक्षात आले की मी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्नच अपुरा होता. कोणती सीट जास्त आरामदायक, एवढेच मी विचारत होतो. सायकलवर बसल्यावर माझ्या वजनाचा किती भाग सीटवर येतो, हे मी आधी पाहायला हवे होते.

बिनस्प्रिंगची सीट म्हणजे दणका मुळीच न झेलणारी सीट, असा माझा समज होता आणि तो साफ चुकीचा होता. साध्या सीटमध्ये कडक कवचावर फोमची गादी चिकटवलेली असते. चामड्याच्या सीटला असे कवच नसतेच. पाच-सहा मिलिमीटर जाडीचे, वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे पुढच्या पोलादी नाकाला आणि मागच्या पट्टीला रिव्हेट मारून ताणलेले असते आणि त्याच्याखाली पोकळी असते. बसणारा माणूस एका लहानशा झोळीत बसावा तसा त्या चामड्यात बसतो. बैठकीची दोन हाडे जिथे टेकतात तिथे चामडे हळूहळू दबत जाते, दोन उथळ खळगे तयार होतात आणि सीट त्या एका माणसाची होऊन जाते. रस्त्याची बारीक थरथर हे चामडे स्वतःच बरीचशी पचवते. स्प्रिंगच्या सीटमध्ये हीच झोळी मागच्या बाजूने दोन वेटोळ्या स्प्रिंगांवर टेकवलेली असते. नाक मात्र अनेक प्रकारांत पक्के बांधलेलेच राहते. त्यामुळे अशी सीट वजन आल्यावर सरळ खाली जात नाही, तर नाकापाशी अडून मागून खाली झुकते. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर पुढचा बराच घोळ टळला असता.

या रचनेत गेल्या शतकभरात फारसा बदल झालेला नाही. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचे पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीची बी-१७ ही बिनस्प्रिंगची सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून बनत आली आहे. मला उपयोगी पडले ते हे की बी-१७ च्याच आकाराच्या चामड्याची, मागे दोन स्प्रिंगा असलेली सीट फ्लायर या नावाने बनते, आणि त्याहून रुंद चामड्याची अशीच जोडी बी-६८ आणि बी-६७ या नावांनी आहे. या जोड्या समोरासमोर मांडल्या की रुंदी आणि स्प्रिंग हे दोन वेगळे निर्णय आहेत हे स्पष्ट होते. पहिल्या जोडीची रुंदी सुमारे १७ सेंटिमीटर आहे, तर दुसरीची सुमारे २१. वजनात मात्र स्प्रिंगांचाच हिशेब लागतो: बिनस्प्रिंगची बी-१७ पाचशे ग्रॅमच्या थोडी वर भरते, तर फ्लायर साडेआठशेच्या आसपास जाते.

रुंदीचा निर्णय मी घरीच केला. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून, पाय थोडे उंच टेकवून मी त्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढले. पुठ्ठ्यावर दोन खोलगट ठसे उमटले. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर १२२ मिलिमीटर भरले. चामड्याच्या सीटमध्ये मागची धातूची पट्टी आणि तिच्यावरचे रिव्हेट बसण्याच्या जागेत धरायचे नसतात. हाडे त्यांच्या आत, मोकळ्या चामड्यावरच यायला हवीत. त्या हिशेबाने पहिल्या जोडीच्या रुंदीची सीट मला पुरेशी होती, आणि पुढे मी घेतलेल्या दोन्ही सीटचे चामडे त्याच मापाचे होते.

पहिली सीट मी बिनस्प्रिंगची घेतली. ती माझ्या लांब पल्ल्याच्या सायकलवर बसली, जिचे हँडल खाली वळलेले आहे आणि जिच्यावर माझी पाठ बरीच पुढे झुकलेली असते. पहिले तीन-चार आठवडे अवघड गेले. चामडे लाकडासारखे कडक होते आणि तासाभरानंतर मी पायडलवर उभा राहण्यासाठी निमित्त शोधत असे. सहाशे-सातशे किलोमीटरनंतर खळगे दिसू लागले आणि दुखणे कमी झाले. नाक अगदी किंचित वर ठेवल्यावर मी पुढे घसरणेही थांबले. सपाट फोमच्या सीटसाठी मी लावलेला कोन इथे चालला नाही, कारण झोळीचा खोलगट भाग पातळीत यावा लागतो, नाक आणि शेपूट नव्हे.

तक्रार उरली ती एकच. उखडलेल्या डांबरी रस्त्यावर दोन तास गेले की कमरेच्या खालच्या मणक्यांत ठणका लागत असे. चामडे बारीक थरथर घेते, पण मागचे चाक खड्ड्यात आपटल्यावर येणारा दणका त्याला पुरेसा झेलता येत नाही. यावर उपाय म्हणजे स्प्रिंग, असे मला वाटले, आणि मी त्याच चामड्याची स्प्रिंगची सीट घेतली.

ती बसवतानाच पहिला धडा मिळाला. स्प्रिंगांमुळे सीटखालच्या सळ्यांपासून चामड्यापर्यंतची उंची बरीच वाढते, म्हणून सीटपोस्ट, म्हणजे या सळ्या जिला बांधतात ती फ्रेममध्ये जाणारी नळी, तेवढी खाली घ्यावी लागते. माझ्या फ्रेममध्ये तेवढी जागा होती. ज्यांची सीटपोस्ट आधीच फ्रेममध्ये जवळजवळ पूर्ण गेलेली आहे त्यांनी हे माप खरेदीपूर्वीच घेतलेले बरे. शिवाय मी बसलो की मागचा भाग स्वतःच काही मिलिमीटर खाली जात असे, त्यामुळे रिकाम्या सीटवर मोजलेली उंची खरी नव्हती. मला भिंतीला टेकून, सायकलवर बसलेल्या अवस्थेत, दुसऱ्या कोणाकडून माप घ्यावे लागले. जुन्या घडणीच्या काही स्प्रिंगच्या सीटना खाली दोनऐवजी चार सळ्या असतात आणि त्या आजच्या सीटपोस्टच्या क्लॅम्पमध्ये बसत नाहीत. बी-६६ आणि बी-६७ मधला मुख्य फरक हाच आहे. माझी सीट दोन सळ्यांची होती, म्हणून ही अडचण आली नाही.

खडबडीत रस्त्यावर फरक जाणवला, पण अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी. उलट, चांगल्या रस्त्यावर मिनिटाला पायडलचे नव्वद फेरे होऊ लागले की सीट माझ्याबरोबर वरखाली डोलू लागे. साठ-सत्तर फेऱ्यांना हा डोल जाणवत नसे. वेगात जाताना मात्र त्याने पायांची लय मोडत होती आणि चढावर तर तो फार खटकत होता. मागे अडकवलेली पिशवीही प्रत्येक खड्ड्यागणिक हेलकावत असे. महिनाभर मी स्वतःला समजावत राहिलो की सवय होईल. ती झाली नाही.

मग मी स्प्रिंगा खरोखर किती दबतात हे पाहायचे ठरवले. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधल्या फटीत मऊ मेणाची वाटाण्याएवढी गोळी बसवली, जास्तीचे मेण कडेने पुसून घेतले आणि उखडलेल्या रस्त्यावरची माझी नेहमीची पंधरा किलोमीटरची फेरी मारून आलो. मेण दबले की दबलेलेच राहते, त्यामुळे फेरीतला सर्वांत मोठा दणका त्यात नोंदला जातो. फट मुळात पाच मिलिमीटरची होती. परत आल्यावर मेणाचा थर चार मिलिमीटरचा भरला. माझ्या खालच्या स्प्रिंगा जवळजवळ काहीच करत नव्हत्या.

नंतर तीच सीट मी रोजच्या कामाच्या सायकलवर चढवली, जिचे हँडल उंच आहे आणि जिच्यावर मी जवळजवळ ताठ बसतो. नवी गोळी, तोच रस्ता, तेवढेच अंतर. या वेळी मेणाचा थर जेमतेम दोन मिलिमीटरचा उरला होता. तो चपटा तुकडा नखाने सोडवून हातात घेतला तेव्हा माझ्या मनातला सगळा गोंधळ मिटला. सीट तीच होती आणि माणूसही तोच. बदलला होता तो फक्त पाठीचा कोन. पुढे वाकल्यावर वजनाचा मोठा वाटा हातांवर आणि पायडलवर जातो, दणका येणार असे दिसताच माणूस नकळत सीटवरून किंचित उचलला जातो, आणि कोपरे व गुडघेच स्प्रिंगचे काम करतात. ताठ बसल्यावर जवळजवळ सगळे वजन सीटवर असते, मणका उभ्या खांबासारखा चाकाच्या वर येतो आणि पटकन उचलून घेणेही जमत नाही. स्प्रिंगांना दाबायला लागणारे वजन तिथे मिळते, आणि त्यांची गरजही तिथेच असते.

म्हणून स्प्रिंगांचा निर्णय करण्यापूर्वी हँडल आणि सीट यांच्या उंचीची तुलना करावी, असे मला ठामपणे वाटते. हँडल सीटपेक्षा स्पष्ट उंच असेल तर स्प्रिंगची सीट घ्यावी. ते सीटच्या बरोबरीने किंवा खाली असेल तर ती साडेतीनशे ग्रॅमची भर आणि तो डोल सहसा व्यर्थ आहे. बसणाऱ्याचे वजन हाही मुद्दा आहेच: या स्प्रिंगा बऱ्याच कडक असतात आणि हलक्या माणसाखाली त्या फारशा दबत नाहीत.

लांब पल्ल्याच्या सायकलवरचा कमरेचा ठणका मात्र अजून सुटलेला नव्हता. तो सुटला टायरमुळे. २८ मिलिमीटरच्या टायरच्या जागी मी ३५ मिलिमीटरचे टायर घातले आणि हवेचा दाब नव्वद पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचे एकक) साठावर आणला. त्याच उखडलेल्या रस्त्यावर बिनस्प्रिंगच्या सीटवर तीन तास गेले आणि कंबर शांत राहिली. हे मी सर्वांत आधी करायला हवे होते, कारण टायर दणक्याला चाकापाशीच गाठतो. सीटपर्यंत तो पोहोचल्यावर त्याच्याशी झगडणे हा नंतरचा उपाय आहे. फ्रेममध्ये रुंद टायरला जागा असेल तर दुसरी सीट घेण्याआधी हे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निगा दोन्ही सीटची जवळजवळ सारखीच आहे. ओल्या चामड्यावर बसू नये, कारण ते त्या अवस्थेत ताणले जाते आणि पूर्ववत होत नाही. पावसाचे पाणी वरून जेवढे येते त्याहून जास्त मागच्या चाकावरून, चामड्याच्या उघड्या पोटाला लागते; म्हणून वरून घातलेल्या आच्छादनापेक्षा मडगार्डचा उपयोग मोठा. भिजलीच तर सावलीत, सावकाश वाळू द्यावी. नाकाखालचा, चामड्याचा ताण वाढवणारा बोल्ट मी एकूण दोनदाच फिरवला, तोही प्रत्येक वेळी पाव फेरा. स्प्रिंगांची स्वतःची मागणी एवढीच की त्यांची टोके जिथे पट्टीला बसतात तिथे काही महिन्यांनी करकर सुरू होते. तिथे तेलाचा एक थेंब पुरतो, पण तो चामड्याला लागता कामा नये, कारण साध्या तेलाने चामडे मऊ पडून लोंबू लागते.

आता बिनस्प्रिंगची सीट लांब पल्ल्याच्या सायकलवर कायमची बसली आहे आणि स्प्रिंगची रोजच्या कामाच्या सायकलवर. त्या दुसऱ्या सीटवरही आता खळगे दिसू लागले आहेत. परवा दोन्ही सीट काढून शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा स्प्रिंगच्या सीटवरचे खळगे पहिल्या सीटवरच्या खळग्यांपेक्षा चांगले बोटभर मागे, अगदी स्प्रिंगांच्या जवळ पडलेले दिसले.