लिंबाच्या फोडीएवढा उजेड

मडगावच्या बाहेरच्या अंगाला एक वसाहत आहे. बिल्डरने शेतात मातीचा भराव टाकून घरं बांधली, आतले रस्ते केले, रस्त्यांखाली सीवर लाईन टाकली आणि ती आमच्या खात्याने ताब्यात घ्यावी म्हणून अर्ज केला. (लोक आम्हाला पालिकावालेच समजतात. प्रत्यक्षात गोव्यात पालिकेकडे कचरा आणि पावसाचं गटार, मलवाहिनीचं जाळं मात्र सरकारी खात्याकडे.) तपासून मी सही केली की लाईन सरकारी. त्यानंतर ती तुंबली तरी आमची, फुटली तरी आमची.

ऑक्टोबरची सकाळ होती. नुकताच पाऊस सरला होता आणि जमीन अजून पाण्याने भरलेली होती. अशी तपासणी मी मुद्दाम याच दिवसांत ठेवतो. उन्हाळ्यात सगळ्याच लाईनी शहाण्या असतात.

कागद चोख होते. नकाशा होता, प्रत्येक चेंबरची लेव्हल लिहिलेली होती. 200 मिलिमीटरचा पाइप, 250 ला 1 उतार, म्हणजे 30 मीटरच्या टप्प्याला 12 सेंटिमीटर. लेव्हल मशीन लावून पाहिलं, तर चेंबर 9 आणि 10 मध्ये बरोबर 12 चा फरक. बिल्डरच्या माणसाने पेन पुढे केलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या काकी बाहेर आल्या. त्यांच्या दारासमोरच्या चेंबरच्या झाकणावर अबोलीची कुंडी होती आणि कुंडीभोवती चार चिरे रचलेले. म्हणाल्या, ‘‘पावसात हें झाकण उचलता. न्हाणीतसून घाण वयर येता. बाबा, पयलीं पळय, मागीर सही कर.’’ म्हणजे, आधी बघ, मग सही कर.

पेन मी परत दिलं आणि आरसा मागवला.

ही तपासणी अगदी साधी आहे. झाकणं काढून चेंबर बराच वेळ उघडे ठेवायचे, वरून येणारं पाणी प्लग लावून अडवायचं. एका चेंबरमध्ये काठीला बांधलेली बॅटरी सोडायची, दुसऱ्यात तिरपा आरसा. पाइप सरळ असेल तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो. मला दिसली ती लिंबाची फोड. गोल वरून पाइपाच्या छताने खाल्लेला. दोन्ही टोकं जागेवर होती, पण मधलं पोट खाली बसलं होतं. टोकाचे चेंबर पक्क्या जमिनीवर आणि मधला भाग शेतातल्या भरावावर, असंच ते झालं असणार. कागदावर टोकांच्याच लेव्हल असतात, त्यामुळे कागद खोटे नव्हते.

सांडपाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर वेगाने वाहिलं तरच पाइप आपोआप धुतला जातो. पोटात पाणी थांबलं की गाळ बसतो, त्यावर चरबी, आणि पुढच्या पावसात काकींचं झाकण उचलतं.

बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘‘साहेब, आरशाचं काय घेऊन बसलात? माणूस उतरवतो. साचलेलं एका मिनिटात काढून टाकेल.’’ त्याने हाक मारली आणि एक मुलगा पुढे आला. विशीचाही नसेल. पायात रबरी चप्पल, हातात बांबूच्या पट्ट्या. त्याने शर्ट काढून कठड्यावर ठेवलासुद्धा.

माझा आवाज चढला. आमच्या खात्यात मला कोणी ओरडताना पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी मी ओरडलो. 2013 च्या कायद्याने अशा कामाला संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे. शिवाय त्या गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस आणखी खाली उतरतो. गटारात जीव गेला तर 30 लाखांची भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं आहे. मी त्या मुलाकडे पाहत होतो आणि हा आकडा मला सहन होत नव्हता.

मला कळलं ते असं: हे पोट जसंच्या तसं ताब्यात घेतलं, तर दर पावसाळ्यात इथे तक्रार येणार, आणि जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाईन साफ करणारी गाडी दुसरीकडे अडकली असेल त्या दिवशी कोणीतरी कोणालातरी आत उतरवणार. त्याची सुरुवात माझ्या सहीने झालेली असणार.

शर्ट मी त्या मुलाच्या हातात दिला. शेऱ्यात लिहिलं: ‘चेंबर 9 ते 10 खोदून, खाली काँक्रीटचा थर देऊन पाइप नव्याने बसवावा. तोवर हस्तांतरण नाही.’ वरून दोन फोन आले. दोन्ही वेळा मी तोच शेरा वाचून दाखवला.

फेब्रुवारीत लाईन नव्याने बसली. पण सही मी थांबवली, पाऊस पडून जमीन भरेपर्यंत. ऑगस्टमध्ये छत्री धरून पुन्हा आरसा सोडला. काकी शेजारी उभ्या होत्या, त्यांनाही वाकून बघायचं होतं. मग मोजमाप पुस्तकात लिहिलं: चेंबर 9 ते 10, 30 मीटर, पूर्ण गोल दिसला. खाली सही केली.